हाताची साक्ष

दोन वर्षांपूर्वीं कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागल्यावर मी अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत पुतण्याकडे कांहीं दिवस राहावयास गेलों होतों. विमानांतील अवघडलेल्या झोंपेमुळें उजवा खांदा धरला. "काका, एकदां आमच्या कायरोप्रॅक्टरला दाखवूंच या," असा सूनबाईनें आग्रह धरला. कायरोप्रॅक्टर म्हणजे पाठीच्या कण्याचे मणके हातांनीं दाबून व हिसका देऊन जागेवर बसविण्याचा दावा करणारा चिकित्सक. तो औषध देत नाहीं, शस्त्र लावीत नाहीं. जें कांहीं करावयाचें तें आपल्या दोन हातांनीं करतो. लहानपणीं गांवच्या हाडवैद्याकडून मीं एकदां मनगट बसवून घेतलें होतें. त्यामुळें या प्रकाराविषयीं माझ्या मनांत तिटकारा नव्हता, किंबहुना थोडी आपुलकीच होती.

गृहस्थ वयस्क, मृदुभाषी आणि अत्यंत सभ्य होते. खांद्याची चौकशी झाल्यावर त्यांनीं मला डावा हात समोर सरळ धरावयास सांगितलें, मनगटावर दोन बोटें ठेविलीं, आणि "मी दाबतों, तुम्ही हात खालीं जाऊं देऊं नका" असें म्हणून दाबलें. हात हालला नाहीं. मग त्यांनीं माझ्या उजव्या मुठींत कांचेची एक लहान बंद कुपी दिली, तींत गव्हाचें पीठ आहे असें सांगितलें, आणि पुन्हां दाबलें. या वेळीं हात दोरी तुटलेल्या पडद्यासारखा खालीं आला. "तुमच्या शरीराला गहूं सोसत नाहीं," असें त्यांनीं खेदपूर्वक सांगितलें. पन्नासाहून अधिक वर्षें दोन्ही वेळां पोळी खात आलेल्या मनुष्यास ही बातमी कशी वाटली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. पुढील पंधरा दिवस सूनबाईनें आपल्याकडच्या जिन्नसांच्या दुकानांतून ज्वारीचें पीठ आणून भाकऱ्या थापल्या, आणि खरें सांगावयाचें तर मला थोडें हलकेंही वाटलें. पुण्यास परत आल्यावर पहिल्याच दिवशीं मीं पोळी खाल्ली; कांहीं झालें नाहीं. अर्थात् एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, ना त्यांच्या बाजूनें ना माझ्या.

मला विचारांत पाडलें तें निराळ्याच गोष्टीनें. माझा हात खरोखरच खालीं आला होता. मीं तो मुद्दाम सोडला नव्हता, याविषयीं मी शपथ घेईन. आणि त्यांनीं मुद्दाम अधिक दाबला नव्हता, याविषयीं तेही घेतील, व त्यांची शपथ मी खरी मानीन. दोन प्रामाणिक माणसांच्या मध्यें एक साक्ष उत्पन्न झाली. ती जर खोटी ठरली, तर ती दिली कोणी, आणि तिचा दोष कोणाकडे जातो?

या परीक्षेची जन्मभूमि माझ्या पुतण्याच्या घरापासून फार दूर नाहीं. कायरोप्रॅक्टिक ही विद्या १८९५ सालीं आयोवा संस्थानांतील डॅव्हेनपोर्ट गांवीं डी. डी. पामर नांवाच्या गृहस्थानें काढली. तत्पूर्वीं तो चुंबकचिकित्सा करीत असे. तींत स्नायुपरीक्षेची भर घातली ती डेट्रॉइटच्या जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरनें, १९६४ सालीं. तिला तिकडे अप्लाइड किनेसिऑलॉजी असें भारदस्त नांव आहे. स्नायूचा जोर हातानें दाबून अजमावणें हा मात्र गुडहार्टचा शोध नव्हे. बोस्टनच्या रॉबर्ट लोव्हेट या अस्थिशल्यज्ञानें बालपक्षाघातानें लुळ्या पडलेल्या मुलांच्या स्नायूंची अशी परीक्षा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतच चालू केली होती. केंडॉल पतिपत्नींचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९४९ सालीं निघाला. आणि शून्यापासून पांचापर्यंत गुण देऊन स्नायूचा जोर टिपून ठेवण्याची रीत आजही रुग्णालयांतून चालू आहे. पक्षाघाताच्या रोग्याचा हात डॉक्टर दाबून पाहतो, तेव्हां तो स्नायूला स्नायूचीच आणि त्याच्याकडे येणाऱ्या मज्जातंतूची हकीकत विचारतो. साक्षीदाराला त्याच्या स्वतःच्या घरांत काय घडलें, एवढेंच विचारण्यासारखें तें आहे.

गुडहार्टनें त्याच साक्षीदाराला साऱ्या गांवची हकीकत विचारावयास आरंभ केला. त्याच्या पद्धतींत एकेका स्नायूची एकेका इंद्रियाशीं सांगड घातलेली आहे. छातीच्या मोठ्या स्नायूचा वरचा भाग जठराचा, मांडीच्या पुढचे स्नायु लहान आंतड्याचे, खांद्याचा त्रिकोणी स्नायु फुप्फुसाचा, पाठीचा रुंद स्नायु स्वादुपिंडाचा, अशी ही वांटणी. रोग्यानें एखादा पदार्थ जिभेवर ठेवावा, किंवा शरीराच्या संशयित भागाला हात लावावा. स्नायु टिकला तर एक उत्तर, ढिला पडला तर दुसरें. रोगी अगदीं लहान मूल असेल तर आईनें त्याला एका हातानें स्पर्श करावा, चिकित्सकानें तिचा दुसरा हात दाबून पाहावा, आणि उत्तर मुलाचें समजावें, अशीही सोय कांहीं चिकित्सकांनीं करून ठेविली आहे.

या सोयीमुळेंच हा विषय मला केवळ गमतीचा राहिला नाहीं. माझ्या चार वर्षांच्या नातीच्या अंगावर मधून मधून पित्ताच्या गांधी उठत, आणि एकदां ओंठही सुजले होते. कोणत्या खाण्यानें असें होतें याचा पत्ता लागत नव्हता. आम्ही निघतांना त्या गृहस्थांनीं सूनबाईस सांगितलें, "पुढल्या वेळीं मुलीला घेऊन या, तुमच्या हातावरून पाहूं." सूनबाईचा चेहरा उजळला. मी तेथेंच उभा होतों, आणि मी गप्प बसलों. परक्या देशांत, परक्या माणसाच्या दवाखान्यांत पाहुण्यानें तोंड घालूं नये, अशी मीं आपली समजूत करून घेतली. ती सभ्यता नव्हती, भित्रेपणा होता, हें घरीं पोंचेपर्यंत माझ्या ध्यानांत आलें. रात्रीं मीं पुतण्याजवळ विषय काढला. त्याचें उत्तर एका वाक्याचें होतें: "काका, तो माणूस लबाड नाहीं."

हें उत्तर अक्षरशः खरें होतें, आणि त्यानेंच माझी झोंप उडविली. लबाडाचा न्याय करणें सोपें असतें. त्याला आपण खोटें बोलत आहों हें ठाऊक असतें, आणि तेवढ्यापुरतें तरी सत्य काय तें त्याच्याजवळ असतें. जो मनापासून, निर्लोभपणें चुकतो, त्याच्याजवळ तेंही नसतें. मग त्याच्या मनाची शुद्धता रोग्याच्या काय उपयोगाची?

या साक्षीची उलटतपासणी झालेली आहे. १९८८ सालीं केनी, क्लेमेन्स व फॉरसाइथ या संशोधकांनीं अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन अनुभवी परीक्षकांनीं अकरा व्यक्तींची परीक्षा एकमेकांस न विचारतां केली. शरीरांत चार पोषकद्रव्यांची उणीव आहे कीं नाहीं हें सांगावयाचें होतें. तिघांचें परस्परांशीं जुळलें नाहीं आणि रक्ताच्या तपासणीशींही जुळलें नाहीं. २००१ सालीं जर्मनींत गांधीलमाशीच्या विषाची बाधा होणाऱ्या लोकांवर असाच प्रयोग झाला. निकाल अंदाजानें सांगितलेल्या उत्तरांहून सरस नव्हता. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका बंद कुपींत विषारी द्रव्य व दुसरींत मिठाचें पाणी होतें. विषाची कुपी अचूक ओळखली गेली ती निम्म्याहून किंचित् अधिक वेळां, म्हणजे नाणें उडवून जितकी ओळखली जाईल जवळजवळ तितकी. आणि हा आक्षेप केवळ बाहेरच्यांचा आहे असें नाहीं. २००७ सालीं गुडहार्टनें एका सहकाऱ्यासह आपल्या पद्धतीच्या समर्थनार्थ लेख लिहिला, तेव्हां त्याला उत्तर देणारे हास, कूपरस्टीन व पीटरसन हे कायरोप्रॅक्टिकच्याच क्षेत्रांतले होते. स्नायूचा जोर तपासणें निराळें आणि त्यावरून सर्व शरीराचें निदान करणें निराळें, हाच भेद त्यांनीं दाखवून दिला.

परंतु या सर्व आंकड्यांपेक्षां मला अधिक बोलकी वाटली ती मानसशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक रे हायमन यांनीं १९९९ सालच्या एका लेखांत सांगितलेली हकीकत. कांहीं कायरोप्रॅक्टर आपली पद्धति दाखविण्यासाठीं डॉक्टरांच्या एका लहानशा मंडळीपुढें आले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, ग्लुकोज ही वाईट साखर, ती जिभेवर ठेवतांच हात दुबळा होतो. फ्रुक्टोज ही चांगली, तिनें तो टिकून राहतो. कोणती साखर दिली हें सर्वांस ठाऊक असतांना प्रात्यक्षिक फार उत्तम झालें. नंतर त्यांच्याच संमतीनें नळ्यांवर केवळ खुणेचे आंकडे घातले. कोणत्या नळींत काय आहे हें ना दाबणाऱ्याला ठाऊक, ना दाबून घेणाऱ्याला. साखर आणि स्नायु यांचा संबंध तत्क्षणीं नाहींसा झाला. निकाल जाहीर झाल्यावर कायरोप्रॅक्टरांचा प्रमुख हायमनकडे वळून म्हणाला कीं, आम्ही आतां अशी आंधळी परीक्षा करीतच नाहीं तें याचसाठीं. ती कधीं जमतच नाहीं. हायमनला प्रथम वाटलें, हा विनोद आहे. तो विनोद नव्हता.

हें वाचून हंसूं येतें, मलाही आलें. पण जरा थांबून पाहिलें म्हणजे त्या मनुष्याची सचोटी दिसते. लबाड मनुष्य परीक्षेला आलाच नसता, आणि आला असता तरी असें वाक्य चारचौघांत बोलला नसता. त्याचा हात त्याला रोज हजर असलेला, जुना, विश्वासू सोबती होता. सोबती आणि परीक्षा यांत तंटा पडला, आणि त्यानें सोबत्याचा पक्ष घेतला. आपण घरींदारीं याहून निराळें करतों काय?

हात आपल्या धन्याला असा कां फसवितो, याचेंही उत्तर जुनें आहे. मनांतील नुसत्या अपेक्षेनें, इच्छेच्या नकळत, स्नायूंची बारीक हालचाल होते, या गोष्टीला इंग्रज वैद्य विल्यम कार्पेंटर यानें १८५२ सालीं नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं मायकेल फॅरेडेनें त्याचा पुरावा दिला. त्या काळीं लंडनमध्यें टेबलाभोंवतीं बसून, त्यावर हात ठेवून, आत्म्यांच्या बळानें तें फिरविण्याचें वेड पसरलें होतें. फॅरेडेनें हातांखालीं पुठ्ठ्याचे थर असे चिकटविले कीं आधीं काय सरकलें तें कळावें. तेव्हां टेबल हातांना ओढीत नसून हातच टेबलाला ढकलीत होते, असें दिसून आलें. पुढें त्यानें हाताची हालचाल दाखविणारा कांटा बसविला. तो बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतांच टेबल फिरेनासें झालें. हीं माणसें प्रतिष्ठित व खरीं होतीं, असें फॅरेडे स्वतः मानीत असे.

बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. हा घोडा खूर आपटून गणितें सोडवी. १९०७ सालीं ऑस्कर फुंग्स्ट यानें दाखविलें कीं, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें म्हणजे हान्सलाही तें येत नाहीं. बरोबर आंकड्याशीं विचारणाऱ्याचें डोकें नकळत किंचित् हालतें आणि घोडा थांबतो. मला या गोष्टींतील महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. ही खूण शोधून काढल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबवितां आली नाहीं. म्हणजे ज्ञान झालें तरी हात सुधारत नाहीं. बाहेरून कांहीं बंदोबस्तच करावा लागतो.

याचा अनुभव मला माझ्या धंद्यांत आहे. पंचवीसाहून अधिक वर्षें मी तर्कशास्त्राच्या तोंडी परीक्षा घेत आलों आहें. विद्यार्थी "लागते" म्हणून आरंभ करतो, माझ्या भुंवयांकडे पाहतो, आणि "म्हणजे, लागत नाहीं" असें म्हणून वाक्य संपवितो. मी त्याला गुण देतों. त्याला विषय येतो कीं माझा चेहरा वाचतां येतो, हें मला त्या घटकेला सांगतां येत नाहीं. आणि ज्या विद्यार्थ्याविषयीं माझें मत आधींच चांगलें असतें त्याला माझ्या भुंवया अधिक मदत करतात, असा मला दाट संशय आहे. लेखी उत्तरपत्रिकेवरील नांव झांकून तिला खुणेचा आंकडा देण्याची पद्धत आमच्याकडे आली, तेव्हां तरुणपणीं मला तो परीक्षकांच्या सचोटीचा अपमान वाटला होता. आतां वाटत नाहीं. नांव झांकल्यानें परीक्षकाला कोणी चोर म्हणत नाहीं. त्याच्या हातून त्याच्या नकळत जें होईल, त्यापासून त्याला व विद्यार्थ्याला दोघांनाही वांचविलें जातें.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालच्या एका निबंधांत जहाजाच्या मालकाचा दाखला दिला आहे. जहाज जुनें झालें आहे ही शंका मालकानें मनांतच दाबून टाकली आणि तें सुखरूप जाईल असा प्रामाणिक विश्वास बसवून घेतला. क्लिफर्ड म्हणतो, जहाज बुडालें तर तो दोषी आहेच, पण तें सुखरूप परत आलें तरीही तो तितकाच दोषी आहे. आमच्या कायरोप्रॅक्टरचा खटला याहून कठीण आहे. त्यानें शंका दाबली, असें म्हणतां येत नाहीं. त्याच्याजवळ वीसतीस वर्षांचा अनुभव आहे, बरे होऊन गेलेले रोगी आहेत. आणि दुसऱ्या बाजूला एका दुपारचा प्रयोग. एका दुपारीं वीस वर्षें कां सोडावीं, असें त्यानें विचारलें तर प्रश्न मूर्खपणाचा नाहीं.

येथें मला आपल्या जुन्या दर्शनकारांचा वाद आठवतो. ज्ञानाचें प्रामाण्य स्वतः कीं परतः? मीमांसक म्हणतो, ज्ञान उत्पन्न होतांच तें खरें मानावें. त्याला दुसऱ्याचा दाखला नको. नैयायिक म्हणतो, तें खरें कीं खोटें हें बाहेरून ठरतें. दूर पाणी दिसलें, जवळ जाऊन प्यालों, तहान भागली, म्हणजे पाण्याचें ज्ञान खरें. कायरोप्रॅक्टर प्रथम मीमांसकाच्या दारांत उभा राहतो: माझ्या हाताला कळलें, तेवढें पुरे. पण मीमांसक इतका भोळा नाहीं. त्याच्याही मतें दोन गोष्टींनीं ज्ञान बाद होतें. एक, त्याला खोडून काढणारें दुसरें ज्ञान, म्हणजे बाधकप्रत्यय. दुसरी, तें ज्या साधनानें झालें त्या साधनांतच दोष असल्याचें कळणें, म्हणजे कारणदोषज्ञान. नळ्यांवरचे खुणेचे आंकडे हा बाधकप्रत्यय, आणि फॅरेडेचे पुठ्ठे हें कारणदोषज्ञान. दोन्ही हजर आहेत. मग तो नैयायिकाकडे जातो आणि म्हणतो, माझे रोगी बरे होतात. तहान भागली, आणखी काय हवें? नैयायिकाजवळ यासाठीं एक रोखठोक शब्द आहे: अन्यथासिद्ध. धरलेला खांदा पंधरा दिवसांत आपोआप सुटतो. पोळी सोडलेल्या मनुष्याला लक्ष दिलें गेल्यानेंही हलकें वाटतें, मला वाटलें. राहिलीं तीं वीस वर्षें. त्या वीस वर्षांत प्रत्येक वेळीं कुपींत काय आहे हें दाबणाऱ्याला ठाऊक होतें. म्हणजे दहा हजार साक्षीदार नव्हेत; एकाच साक्षीदारानें दहा हजार वेळां तीच जबानी दिली.

म्हणून माझा आक्षेप त्याच्या चुकण्याला नाहीं. सर्व वैद्य चुकतात. त्याच्या विश्वासालाही नाहीं. बाधकाला येण्यासाठीं असलेलें एकच दार त्यानें आपल्या हातानें लावून घेतलें, आणि त्या बंद दाराआड तो दुसऱ्याच्या मुलांविषयीं निकाल देतो, याला माझा आक्षेप आहे. स्वतःच्या ताटांतील पोळी कोणी कोणत्याही कारणानें सोडावी. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण चार वर्षांच्या मुलीला अमुक पदार्थ सोसतो असें आईच्या दंडावरून सांगितलें जातें, आणि आई निर्धास्त होऊन तो तिला भरविते, तेव्हां प्रामाणिकपणा ही चिकित्सकाची खाजगी दौलत राहत नाहीं. लबाडापासून आपण सावध असतों. निष्पाप चेहऱ्यासमोर ती सावधगिरी आपण काढून ठेवतों, आणि त्याची किंमत दुसरेंच कोणी देतें.

पुतण्याला मीं हें सर्व त्या रात्रीं इतक्या व्यवस्थित सांगितलें नाहीं. एवढेंच म्हटलें कीं, तो लबाड नाहीं हें मला मान्य आहे, पण नातीला तेथें नेण्यापूर्वीं ॲलर्जीच्या डॉक्टरकडे न्या. सूनबाई दोन दिवस माझ्याशीं बेताचेंच बोलली. "काका, तुम्ही तिथें कां नाहीं बोललांत?" या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. शेवटीं मुलीला नेलें. कातडीवर सुईनें टोंचून पाहिलें, रक्त तपासलें, आणि काजूचा दोष निघाला. तेथील डॉक्टरीणबाईंनीं सहज बोलतां बोलतां सांगितलें कीं, या विषयांतील सर्वांत कसोशीची परीक्षा म्हणजे संशयित पदार्थ दुसऱ्या अन्नांत लपवून, डॉक्टर व रोगी दोघांनाही ठाऊक नसतां, देखरेखीखालीं थोडा थोडा खाऊं घालणें. म्हणजे त्यांनाही शरीरालाच प्रश्न विचारावयाचा असतो. फक्त उत्तर येण्यापूर्वीं त्या आपले डोळे बांधून घेतात.

पुण्यास आल्यावर मीं त्या कायरोप्रॅक्टर गृहस्थांना पत्र लिहिलें. खांद्याविषयीं आभार मानले, कारण खांदा बरा झाला होता. मग लिहिलें कीं, दोन सारख्या कुप्या घ्याव्या, एकींत गव्हाचें व दुसरींत तांदुळाचें पीठ भरावें, तिसऱ्याच मनुष्यानें त्या कागदांत गुंडाळून त्यांवर आंकडे घालावे, आणि मी पुन्हां येईन तेव्हां आपण दोघांनीं वीस वेळां करून पाहावें. निकाल कांहींही लागो, तो मी स्वतः लिहून प्रसिद्ध करीन. तीन आठवड्यांनीं त्यांचें सुरेख अक्षरांतलें उत्तर आलें. मी केव्हांही यावें, पुढल्या वेळीं खांद्याचे पैसे ते घेणार नाहींत, असें त्यांत होतें. मुलगी कशी आहे, काजूचें ऐकून फार वाईट वाटलें, अशी मनापासून केलेली चौकशी होती. कुप्यांविषयीं एक अक्षर नव्हतें. मीं दुसरें पत्र लिहून टाकलें आहे.